बॅटरी बदलण्यापूर्वी : मोटारीच्या चार्जिंग व्यवस्थेची घरगुती तपासणी

मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध असलेले कर्जत व खालापूर हे तालुके आठवडाअखेरीस मोटारींनी गजबजलेले असतात. कोणी फार्महाऊसवर, कोणी महडच्या वरदविनायकाच्या दर्शनाला, कोणी माथेरानसाठी दस्तुरी नाक्यापर्यंत, तर कोणी भीमाशंकरच्या वाटेवरील खांडसला आलेला असतो. परतीच्या वेळी किल्ली फिरवावी आणि इंजिनाने केवळ 'कट्' असा आवाज करून गप्प बसावे, हा अनुभव या भागात दुर्मीळ नाही. अशा वेळी जमलेल्या मंडळींचे निदान बहुधा एकच असते : 'बॅटरी गेली.' मग नवी बॅटरी बसवली जाते, मोटार चालू लागते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. मूळ दोष बॅटरीत नसून तिला वीज पुरवणाऱ्या व्यवस्थेत असेल, तर नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेने जाते. काही शे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर आणि अर्ध्या तासाची सवड एवढ्या भांडवलावर हा दोष घरच्या घरी बराच अचूक ओळखता येतो.

मोटारीत वीज कोठून येते?

खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, तर भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली कोसळते, चक्रे फिरवते आणि त्या फिरण्यातून वीज निर्माण होते. वापरलेले पाणी पुढे खोपोलीस पाताळगंगेला व भिवपुरीस उल्हास नदीला मिळते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेले जे तत्त्व या केंद्रांत वापरले आहे, तेच मोटारीच्या अल्टरनेटरमध्येही आहे. फरक इतकाच, की येथे पाण्याची जागा इंजिनाने व पट्ट्याने घेतलेली असते.

इंजिन सुरू झाले, की रबरी पट्टा अल्टरनेटरचा आस फिरवतो. त्यातील फिरत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भोवतालच्या तारांच्या वेटोळ्यांत प्रत्यावर्ती वीज निर्माण होते. डायोडांचा संच तिचे एकदिश विजेत रूपांतर करतो आणि रेग्युलेटर तिचा दाब ठरावीक मर्यादेत राखतो. गॅरेजमध्ये या यंत्राला आजही 'डायनामो' म्हणतात. सुरुवातीच्या फियाट व अँबॅसेडर मोटारींत खरोखरीच डायनामो असे. यंत्र बदलले तरी नाव मात्र टिकून राहिले.

बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करण्याचे असते. एकदा इंजिन फिरू लागले, की दिवे, वायपर, पंखा, इंधनपंप, ठिणगी या साऱ्यांचा भार अल्टरनेटरने उचलायचा आणि उरलेल्या विजेने बॅटरी पुन्हा भरायची, अशी ही वाटणी आहे. म्हणून 'चार्जिंगचा दोष' म्हणजे केवळ बॅटरीचा दोष नव्हे. बॅटरी, अल्टरनेटर, रेग्युलेटर, पट्टा आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा यांपैकी कोणतीही कडी निखळलेली असू शकते.

या परिसरात दोष का वाढतात?

पहिले कारण पाऊस. कर्जत-खालापूर पट्ट्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरट-हिरवट पूड साचते, अर्थिंगची तार गंजते, ओला पट्टा घसरतो आणि चिखलाचे पाणी अल्टरनेटरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते.

दुसरे कारण म्हणजे मोटार दीर्घकाळ उभी राहणे. फार्महाऊसवर ठेवलेली मोटार तीन-चार आठवडे हलत नाही. तिच्यातील धोक्याची घंटा, कुलूपयंत्रणा, घड्याळ आणि संगणक मात्र थोडी थोडी वीज खातच राहतात.

तिसरे कारण उंदीर. हा भातशेतीचा प्रदेश आहे. कापणीनंतर शेत मोकळे झाले, की उंदीर ऊब आणि आसरा शोधत घराकडे वळतात. बॉनेटखालची जागा त्यांना सोयीची वाटते आणि तारांवरील आवरण त्यांच्या दातांना सहज बळी पडते.

चौथे कारण घाट. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. पावसात धुके, वायपर, दिवे व काचेवरील वाफ घालवणारा पंखा हे सर्व एकदम चालू असते. सुट्टीच्या दिवशी कोंडीत अडकलेल्या मोटारीचे इंजिन मंद गतीने फिरते. त्या गतीला अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेपेक्षा बरीच कमी वीज देतो. अशक्त झालेली व्यवस्था नेमकी तेथेच उघडी पडते.

लक्षणांवरून पहिला अंदाज

उपकरण हाती घेण्यापूर्वी पुढील खुणा ध्यानात घ्याव्यात.

किल्ली फिरवताच दिवे मंदावत असतील व 'सेल्फ' जेमतेम फिरत असेल, तर बॅटरी रिकामी आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे लख्ख राहूनही 'सेल्फ' हलत नसेल, तर संशय 'सेल्फ'वर किंवा त्याच्या जोडणीवर घ्यावा. दुसऱ्या मोटारीच्या बॅटरीवरून इंजिन सुरू केले आणि तारा काढल्यावर थोड्या वेळाने ते पुन्हा बंद पडले, तर अल्टरनेटर वीज देत नाही असे मानण्यास सबळ आधार मिळतो.

डॅशबोर्डवरील बॅटरीचा लाल दिवाही बोलका असतो. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. इंजिन चालू असताना तो तेवत राहिला, तर चार्जिंग होत नाही. मात्र किल्ली फिरवूनही तो मुळीच लागत नसेल, तर तेही शुभलक्षण नव्हे. अनेक जुन्या मोटारींत अल्टरनेटरला आरंभीचा प्रवाह याच दिव्यातून मिळतो. दिवा जळालेला असेल, तर अल्टरनेटर निर्दोष असूनही जागा होत नाही.

डोळे आणि कान

इंजिन बंद ठेवून बॉनेट उघडावे. पट्ट्याला भेगा, झिजलेल्या कडा किंवा काचेसारखी चकाकी आली आहे का, ते पाहावे. सकाळी इंजिन सुरू करताच किंवा दिवे लावताच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पट्टा सैल झाला आहे. खरखर किंवा घरघर ऐकू आल्यास बेअरिंगचा संशय घ्यावा.

टर्मिनल हाताने हलवून पाहावेत. ते जराही फिरता कामा नयेत. पूड साचली असल्यास खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशने ती साफ करावी, जागा कोरडी करावी आणि घट्ट बसवलेल्या टर्मिनलांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. टर्मिनल काढताना प्रथम ऋण आणि बसवताना प्रथम धन, हा क्रम कधीही मोडू नये. बॅटरीवर कोरलेली निर्मितीची तारीखही पाहावी. आपल्या हवामानात साधारण तीन ते पाच वर्षे हे बॅटरीचे आयुष्य समजावे.

काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जवळ विडी-सिगारेट किंवा काडी पेटवू नये. हातातील अंगठी व धातूचे घड्याळ काढून ठेवावे. ओढणी, सैल बाही, मोकळे केस पट्ट्यापासून दूर ठेवावेत. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, याचे भान असावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये, कारण त्याचा धूर जीवघेणा ठरू शकतो.

मल्टिमीटरच्या पाच चाचण्या

मल्टिमीटर एकदिश विजेच्या २० व्होल्ट टप्प्यावर ठेवावा. लाल टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला आणि काळे ऋण टर्मिनलला लावावे.

पहिली चाचणी विश्रांतीची. मोटार काही तास, शक्यतो रात्रभर उभी असावी. नुकतीच चालवली असल्यास दिवे दोन मिनिटे लावून बंद करावेत, म्हणजे वरवरचा भार उतरतो. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असल्यास बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, तर १२ व्होल्टच्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. पूर्ण चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच राहत असेल, तर सहापैकी एक कप्पा निकामी झालेला असतो. अशा बॅटरीवर अधिक वेळ दवडू नये.

दुसरी चाचणी इंजिन सुरू करतानाची. सोबत्याला किल्ली फिरवण्यास सांगावे आणि आकड्यावर नजर ठेवावी. भरलेल्या बॅटरीचा दाब त्या क्षणी ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. विश्रांतीच्या वेळी १२.६ दाखवणारी बॅटरी येथे आठवर कोसळली, तर तिची धारणशक्ती संपली आहे.

तिसरी चाचणी चालू इंजिनाची. एक्सिलरेटर किंचित दाबून फेरे दीड ते दोन हजारांवर ठेवावेत. बहुतेक मोटारींत १३.८ ते १४.७ व्होल्ट दाखवले गेले पाहिजेत. आकडा १२.६ वरच राहिला किंवा हळूहळू उतरू लागला, तर चार्जिंग होत नाही. तो १५ च्या वर चढला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. असा जादा दाब बॅटरीतील पाणी आटवतो, दिवे जाळतो आणि संगणकालाही इजा करतो. हा दोष कमी चार्जिंगहून अधिक घातक आहे.

चौथी चाचणी भाराखालची. मोठे दिवे, पंखा, वायपर आणि मागील काच तापवणारी तार हे सर्व सुरू करावे. दोन हजार फेऱ्यांवरही दाब साधारण १३.२ व्होल्टच्या वर टिकला पाहिजे. भार नसताना १४ आणि भार येताच १२.५ असा प्रकार दिसला, तर पट्टा घसरत आहे, कार्बन ब्रश झिजले आहेत किंवा एखादा डायोड गेला आहे.

पाचवी चाचणी तारांची. बहुतेक जण हीच वगळतात आणि निर्दोष अल्टरनेटर बदलून बसतात. चौथ्या चाचणीतील भार तसाच ठेवून लाल टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टला आणि काळे टोक बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावे. लाल टोक चुकूनही अल्टरनेटरच्या बाह्य धातूला टेकू देऊ नये. फरक ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असावा. नंतर एक टोक अल्टरनेटरच्या बाह्य धातूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावावे. येथेही फरक ०.२ च्या आतच हवा. अर्धा-पाऊण व्होल्ट हरवत असेल, तर वीज तयार होते आहे पण वाटेत अडते आहे. गंजलेली अर्थिंगची तार बदलण्याचा खर्च अल्टरनेटरच्या तुलनेत नगण्य असतो.

डायोडांची परीक्षा याच उपकरणाने करता येते. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर प्रत्यावर्ती विजेच्या टप्प्यावर न्यावा. बॅटरीच्या टोकांवर ०.५ व्होल्टहून अधिक दिसल्यास डायोड बिघडल्याचा संशय बळावतो. मात्र स्वस्त मल्टिमीटर या टप्प्यावर फसवतात. म्हणून प्रथम इंजिन बंद असताना मापन करावे. तेव्हाही मोठा आकडा दिसत असेल, तर ते उपकरण या चाचणीस निरुपयोगी समजावे.

उभ्या मोटारीतील गळती

चार्जिंग उत्तम आहे, बॅटरी नवी आहे आणि तरीही आठवडाभराने मोटार सुरू होत नाही, अशा वेळी विजेची चोरटी गळती शोधावी लागते. सर्व काही बंद असताना २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह सामान्य समजतात. परंतु ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ आणि ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास वीज जाते. लहान पेट्रोल मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे कोणताही बिघाड नसताना, महिनाभर उभी राहिलेली मोटार सुरू न होणे हे साध्या हिशेबाने ठरलेलेच आहे. त्यात नंतर बसवलेला कॅमेरा किंवा मागोवा घेणारे यंत्र २०० मिलिअँपिअर खात असेल, तर तीच बॅटरी आठवड्याभरात तळ गाठते.

गळती मोजण्यासाठी बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ते आणि तार यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या टप्प्यावर जोडावा. किल्ली दूर ठेवावी, दारे बंद असावीत आणि मोटारीतील संगणक झोपी जाण्यासाठी अर्धा ते एक तास थांबावे. आकडा मोठाच राहिला, तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजनंतर आकडा उतरेल, त्या मार्गावर दोष आहे. मल्टिमीटर या स्थितीत जोडलेला असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

फार्महाऊसवरील माळ्याला 'दर रविवारी पाच मिनिटे गाडी चालू कर' असे सांगून ठेवण्याची प्रथा आहे. तिचा उपयोग फारसा नाही. आठवड्याला ५० मिलिअँपिअरने आठ अँपिअर-तासांहून अधिक वीज जाते आणि मंद गतीच्या पाच मिनिटांत जेमतेम एक परत येते. त्यापेक्षा अर्धा-पाऊण तास मोटार रस्त्यावर फिरवावी, ऋण टर्मिनल काढून ठेवावे किंवा लहान चार्जर लावावा. पूर्ण उतरलेली बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटरवर टाकू नये, त्याने तो तापतो. क्षमतेच्या एक-दशांश प्रवाहाने, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने, दहा-बारा तास चार्ज करणे हेच हितावह.

जुनी युक्ती आता धोक्याची

'इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढा. गाडी चालू राहिली तर डायनामो ठीक', ही चाचणी आजही काही ठिकाणी केली जाते. डायनामोच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटर असलेल्या मोटारीत बॅटरी अचानक बाजूला झाली, की दाब क्षणार्धात कित्येक पटींनी उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर व इंजिनाचा संगणक यांचा बळी घेऊ शकतो. आपल्या मोटारीवर ती कोणी करू लागल्यास स्पष्टपणे थांबवावे.

नव्या मोटारींचे वाचन वेगळे असते, हेही लक्षात ठेवावे. अनेकांत संगणकच अल्टरनेटरचा दाब गरजेनुसार कमी-जास्त करतो. म्हणून घडीभर १२.८ आणि घडीभर १४.८ दिसणे हा दोष असेलच असे नाही. काही मिनिटे निरीक्षण करून, दिवे लावून मगच निष्कर्ष काढावा. विजेवर चालणाऱ्या मोटारींत अल्टरनेटर नसतो. मुख्य बॅटरीतूनच लहान १२ व्होल्ट बॅटरी भरली जाते. अशा व संकरित मोटारींतील नारिंगी रंगाच्या तारांना घरी कोणीही हात लावू नये.

घाटापूर्वी दिवा लागला तर

प्रवासात बॅटरीचा लाल दिवा लागला, तर मोटार लगेच बंद पडत नाही. त्यामुळेच 'लोणावळ्यापर्यंत जाऊ' असा मोह होतो. रात्री पावसात एकूण भार सहज २५ ते ३० अँपिअर असतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर तासभर पुरेल असे दिसते, पण दाब त्याआधीच इतका उतरतो की इंजिन अर्ध्या तासातही थांबू शकते. दाब उतरताना विजेवर चालणारे स्टिअरिंग जड होते. इंजिन थांबल्यावर ब्रेकचे साहाय्यही दोन-तीन वेळा पावल दाबताच संपते. घाटातील वळणावर, मागे अवजड वाहने असताना ही स्थिती प्राणावर बेतू शकते.

म्हणून द्रुतगती मार्गावर किंवा जुन्या महामार्गावर दिवा लागल्यास घाटात शिरू नये. वातानुकूलन, संगीत, काच तापवणारी तार बंद करावी, पण अंधारात वा धुक्यात दिवे बंद करू नयेत. तापमानाचा काटा पाहावा. काही मोटारींत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटून काटा चढत असेल, तर एक किलोमीटरही पुढे न जाता कडेला थांबावे. अन्यथा चौक किंवा खोपोलीसारख्या वस्तीत पोहोचून मगच इंजिन बंद करावे, कारण ते पुन्हा सुरू होण्याची शाश्वती नसते. द्रुतगती मार्गावरच थांबणे भाग पडले, तर मोटार डाव्या कडेला घेऊन चारही इशाऱ्याचे दिवे लावावेत, मागे त्रिकोण ठेवावा, सर्वांनी उतरून संरक्षक कठड्यापलीकडे उभे राहावे आणि ११२ वर मदत मागावी.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

'चार्जिंग होत नाही' एवढेच न सांगता पाचही चाचण्यांचे आकडे कागदावर लिहून न्यावेत. अल्टरनेटरमधील कार्बन ब्रश, रेग्युलेटर, डायोडपट्टी आणि बेअरिंग हे भाग अनेक मोटारींत सुटे बदलता येतात. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन संपूर्ण यंत्र बदलण्याआधी ते उघडून पाहील. काढलेला भाग परत मागावा. दुरुस्तीनंतर तिसरी व चौथी चाचणी तेथेच, आपल्या मल्टिमीटरने पुन्हा करून घ्यावी.

आकडे एका नजरेत

विश्रांतीत भरलेली बॅटरी : १२.६ व्होल्ट किंवा अधिक
इंजिन सुरू करताना : ९.६ व्होल्टच्या खाली नको
इंजिन चालू, भार नाही : १३.८ ते १४.७ व्होल्ट
इंजिन चालू, पूर्ण भार : १३.२ व्होल्टच्या वर
तारांतील घट : प्रत्येक बाजूस ०.२ व्होल्टपर्यंत
धोक्याची पातळी : १५ व्होल्टच्या वर
उभ्या मोटारीतील गळती : ५० मिलिअँपिअरपर्यंत

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास, भातकापणीनंतर, एकदा अशी वर्षातून दोन वेळा ही तपासणी केली आणि आकडे वहीत तारखेसह नोंदवून ठेवले, तर बॅटरीची उतरती कळा आधीच दिसू लागते. मग ती कधी बदलायची, हे आपल्या सवडीने घराच्या अंगणातच ठरवता येते.